बाई लीड असलेला क्राइम थ्रिलर लिहायचाय? आमच्या नाशिकच्या चुकांवरून शिका

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दिवसा सगळे नोकऱ्या करतो (मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला) आणि रात्री जेवणं उरकली की कोणाच्या तरी गच्चीवर बसून शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट लिहितो. यावेळी ठरलं की थ्रिलर करायचा, खुनाचा, आणि लीड बाईच पाहिजे. पहिल्या ड्राफ्टमधे आमची पीएसआय मॅडम बुलेटवरून यायची, गॉगल काढायची, सिगरेट पेटवायची आणि पहिल्याच सीनला एका गुंडाच्या कानफटात ठेवून द्यायची. ग्रुपमधे सगळ्यांना जाम आवडली, मला पण. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी फाइलमधे तिचं नाव बदलून विक्रम केलं आणि सगळं परत वाचलं. क्रियापदं सोडली तर एक ओळ बदलावी लागली नाही.

तुम्ही लिहित असाल तर ही टेस्ट आधी करून घ्या, फुकट आहे. नाव बदला, करते चं करतो करा, आणि स्क्रिप्ट तशीच चालत असेल तर तुम्ही बाई लिहिलेलीच नाहीये.

यावरून आमच्यात एक शब्दच पडलाय. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, त्यांनी १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना, शेवटी हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. बरं त्यांनी तिथेच सोडलं नाही, पुढच्याच सिनेमात, मोहिनी भस्मासुरमधे, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. आणि आम्ही शंभर वर्षांनी परत अण्णाच उभा केला होता, वरून बाई आणि आतून अण्णा. तेव्हापासून कोणी तसा सीन आणला की आम्ही एवढंच म्हणतो, हा सीन अण्णा झालाय.

आता करायचं काय ते सांगते. एक कागद घ्या, स्क्रिप्टमधल्या सगळ्या बायकांची नावं एकाखाली एक लिहा, ज्यांना नाव नाही त्यांना "मोलकरीण", "मजूर बाई", "नर्स १" असं लिहा. आणि प्रत्येकीच्या पुढे एकच गोष्ट लिहायची, हिला असं काय माहितीये जे कथेत दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. ती किती धाडसी आहे, किती सोसलंय, वगैरे नको. तिला काय माहितीये. ज्या बाईपुढची जागा रिकामी राहील ती तुमच्या सिनेमात शोभेला आहे, मग ती दलित असो, आदिवासी असो, मुस्लिम असो की लीड असो. भेळेत सगळं थोडं थोडं टाकतात तसं एक हे, एक ते टाकून प्रतिनिधित्व झालं असं वाटतं आपल्याला, पण तिला काढलं तर तपास थांबतो का हे बघा. थांबत नसेल तर ती नव्हतीच.

आमचंच उदाहरण देते म्हणजे कळेल. कथेत दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेजवळ पाटाच्या कडेला एका बाईचं प्रेत सापडतं. अंगात साडी, साडीवरून पुरुषी फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, म्हणजे बागेत कामाला येणाऱ्या बायका असतात तशीच दिसते. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात ना बागांच्या कामाला, त्यातलीच कोणी असणार असं सगळे धरून चालतात. जुन्या ड्राफ्टमधे तिथे एक आदिवासी मजूर बाई होती आणि तिचं काम एवढंच की प्रेत बघून किंचाळायचं आणि मग पदरात तोंड घालून रडायचं. कागदावर तिच्यापुढची जागा रिकामी होती. खरंतर त्या आख्ख्या गर्दीत द्राक्षाचं काम माहीत असलेली ती एकटीच होती, आणि आम्ही तिला रडायला बसवली होती.

नवीन ड्राफ्टमधे ती टोळीची मुकादम आहे. ती येते, प्रेतापासून दोन हातांवर उकिडवी बसते, बघत राहते. हवालदार म्हणतो, ए बाई, हात लावू नको. ती हात पाठीमागे घेते आणि म्हणते, "साहेब, ही बागेतली नाही." कशावरून? ती स्वतःचा उजवा हात पुढे करून अंगठा दाखवते. "विरळणीला दिवसभर कात्री चालवली की इथं घट्टा पडतो. नवीन पोरीला पण पंधरा दिवसात पडतो. हिचा हात बघा की, कागदावर सही करणारा हात आहे." (विरळणी म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादाचे मणी कापून काढणं.) हवालदार हसतो. मॅडम हसत नाहीत, त्या रायटरला (ठाण्याचं लिखाण करणारा पोलीस) सांगतात, पहिला जबाब यांचा घ्या.

बस. मजुराचे कपडे घालून कोणीतरी दुसऱ्याच बाईला तिथे आणून टाकलंय हे कळलं, आणि कथा खरी तिथून सुरू झाली. दोन मिनिटांचा रडायचा सीन होता तो आता कथेची बिजागरी झालाय, आणि गंमत म्हणजे लिहायलाही सोपा गेला.

आता लीडकडे येऊ. सगळ्यात आधी हे ठरवा की ती पोलीसच हवी का. विमा कंपनीची सर्व्हेअर चालेल, नाशिकला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे तिथली केमिकल अॅनालायझर चालेल, आशा ताई चालेल (गल्लीतलं सगळं तिला माहीत असतं), किंवा पंच म्हणून नाइलाजाने उभी केलेली सरकारी ऑफिसातली क्लार्क, जी पंचनाम्यावर सही करते आणि रात्री घरी गेल्यावर तिला आठवतं की लिहिलेलं आणि बघितलेलं वेगळं होतं. ही शेवटची मी स्वतःसाठी राखून ठेवलीये, कृपया घेऊ नका.

पोलीसच पाहिजे असेल तर नाशिकइतकी सोय कुठे नाही, राज्याची पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रोडवर आहे, पीएसआयचं ट्रेनिंग तिथेच होतं, प्रत्येकाच्या ओळखीत कोणाची तरी बहीण, वहिनी खात्यात असतेच. तिच्यासोबत दोन तास बसा, आणि रोमांचक केस सांगा असं विचारू नका, डबा कधी खाता, बंदोबस्ताला दिवसभर उभं राहिल्यावर बाथरूमला कुठे जाता, मुलाला शाळेतून कोण आणतं हे विचारा. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी सांगितलं की गोदाघाटावर मोठा बंदोबस्त लागला की त्या पहाटेपासून पाणीच कमी पितात. आम्ही हे जसंच्या तसं घेतलं, लीड संशयिताच्या मागे घाटावर फिरते आणि चहा नाकारत राहते, तीन वेळा, कोणी कारण सांगत नाही. बायका प्रेक्षकांना कळतं. पुरुषांना नाही कळलं तरी सिनेमा अडत नाही.

हद्दीचं पण बघून घ्या. शहर पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण एसपींकडे, दिंडोरीत प्रेत सापडलं तर पंचवटीच्या मॅडम थेट तपास करणार नाहीत, तो ग्रामीणचा विषय, आणि तिथे एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) म्हणतात, शहरात क्राइम ब्रांचचं युनिट. अनोळखी प्रेताला आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, खुनाचा गुन्हा नंतर. आणि कलमं बदललीयेत बाबांनो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यानंतरच्या खुनाला ३०२ नाही, १०३ लागतं. जुना हवालदार तोंडाने तीनशे दोनच म्हणेल, ते ठेवा, उलट खरं वाटतं, पण एफआयआरच्या क्लोजअपमधे ३०२ दिसलं की खात्यातला माणूस तिथेच मोबाइल बघायला लागतो.

कायद्याचा कंटाळा करू नका, कारण बाई लीड असेल तर कायद्यातच अर्धा थ्रिलर पडलेला आहे. दोन तरतुदी सांगते. एक, स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. म्हणजे संशयित बाई आहे, मॅडमना संध्याकाळी सव्वासहाला खात्री पटलीये, डिसेंबर आहे, नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलाय आणि सूर्य मावळलेला आहे. यापेक्षा भारी घड्याळ कोणता लेखक लावणार? आणि रात्रभर त्या बाईच्या घरासमोर गाडीत बसून राहणाऱ्या दोन महिला शिपाई, त्यांच्या गप्पा, हा आख्खा सीन फुकट मिळतो.

दुसरी तरतूद माझी लाडकी. साक्षीदार बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे जावं लागतं, तिची स्वतःची यायची तयारी असेल तर वेगळं. म्हणजे तुमची लीड अंधाऱ्या खोलीत टेबलावर दिवा ठेवून चौकशी करणारच नाही, ती लोकांच्या स्वयंपाकघरात जाणार. आमचा सिडकोतला सीन आहे, छोटं रो हाऊस, सून ओट्याशी उभी, मॅडम दाराच्या चौकटीला टेकून, आणि बाहेर हॉलमधे सासूने टीव्हीचा आवाज कमी केलाय. एवढंच दाखवायचं, आवाज कमी केलाय. सून काही बोलत नाही, मॅडम दोनदा विचारतात, मग ती शेंगदाण्याचं कूट करायला घेते, मिक्सर चालू करते, आणि मिक्सरच्या आवाजात पहिल्यांदा बोलते. मिक्सर थांबला की गप्प. परत चालू केला की पुढचं वाक्य. ही आयडिया आमच्यातल्या एकीच्या आईची, आणि तिला कशी सुचली हे आम्ही विचारलं नाही.

आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून क्लायमॅक्सला "बोल, तूच मारलंस ना" करून काही उपयोग नाही, आरोपीच्या सांगण्यावरून पोलिसांनी काय शोधून काढलं ते चालतं. तर आरोपीला रडवण्यापेक्षा तिला घेऊन विहिरीवर जा, पंचांसमोर मेमोरँडम पंचनामा (आरोपी काय दाखवायला तयार आहे त्याची नोंद) करा, गळ टाका, काय वर येतं ते दाखवा.

जात, धर्म, भाषा यावर लिहायला हात कचरतो हे मला मान्य आहे, पण टाळलं तर काय होतं ते तुमच्या स्क्रिप्टमधली आडनावं एका कागदावर लिहिलीत की दिसेल. आमच्यात डॉक्टर, वकील, अधिकारी यांना झटपट आडनावं मिळाली होती, सगळी एकाच छापाची, आणि भांडी घासणारीला नुसतं "शांता". ज्या शहरात १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांनी सत्याग्रह केला त्या शहरात बसून आपण ही यादी लिहितोय हे कळल्यावर जरा लाज वाटली. आम्ही काय केलं, आडनावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि कामांच्या वेगळ्या चिठ्ठ्या, आणि उचलल्या. बाळबोध आहे, पण पीएसआय मॅडम पगारे झाल्या आणि प्रेत कुलकर्णी झालं, आणि पगारे मॅडमच्या जातीवर एकही भाषण नाहीये. एकच जागा आहे, मृताच्या घरी त्यांना पाणी विचारताना बाई आडनाव विचारते आणि मग अर्धा सेकंद थांबते. तो अर्धा सेकंद एडिटमधे कापायचा नाही असं लिहून ठेवलंय.

तसंच जुन्या नाशकातली मुस्लिम मुलगी. थ्रिलरमधे दूध बाजार, भद्रकाली दिसलं की हिरवा लाइट आणि संशयित, हे नका करू, डोकं उठलंय त्याचं. आमची मोबाइल रिपेअर करते, काकाच्या दुकानात शिकली, मृताचा पाण्यात पडलेला फोन बघून ती सांगते की हा पाण्यात पडायच्या आधीच कोणीतरी उघडलेला आहे, स्क्रू बदललेत. पुन्हा तेच, तिला काहीतरी माहितीये.

भाषेबद्दल एकच सांगते, "ग्रामीण" अशी कुठली भाषा नसते. बागलाण, मालेगावकडची बाई अहिराणी बोलेल, सुरगाण्याची कोकणी (समुद्रावरची नव्हे, आपल्या डोंगरातली), निफाडची वेगळी. तुम्हाला येत नसेल तर त्या गावच्या माणसाकडून संवाद बोलून घ्या, रेकॉर्ड करा आणि तसेच लिहा. नाटकात ऐकलेलं "काय सांगू बाय तुला" सगळ्यांच्या तोंडी घालू नका.

बेक्डेल टेस्ट तुम्ही ऐकली असेल, ॲलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या कॉमिकमधून आलेली, दोन बायका असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावं, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर तरी. चांगली आहे पण थ्रिलरमधे फसते, कारण खुनी पुरुष असला की दोन बायका तपासावर बोलल्या तरी पुरुषावरच बोलतात. मी तेवढी मनावर घेत नाही. त्या कामाचं बोलतायत का एवढं बघते.

बाईला वाईट पण असू द्या. आमची खुनी भिशी चालवते, गंगापूर रोडवरची, गोड बोलणारी, संक्रांतीला सगळ्यांना वाण देणारी, आणि चौदा बायकांचे पैसे तिने दुसरीकडे फिरवलेत. मृत बाईकडे भिशीची वही होती, झालं. ग्रुपमधे एकजण म्हणाला बायकांवरच्या सिनेमात बाईच खुनी, लोक काय म्हणतील. अरे, बाईला नुसतं सोसायला ठेवायचं हा पण अन्यायच की. ट्रान्सजेंडर कॅरेक्टरचं मात्र उलट आहे, शेवटी विग काढला आणि खुनी निघाला हा ट्विस्ट कृपया कचऱ्यात टाका, आणि रोल असेल तर ट्रान्स कलाकारालाच द्या, नाहीतर परत अण्णा.

प्रेताबद्दल थोडं. मेलेली बाई कॅमेऱ्यात सुंदर दिसायची काही गरज नाही. तिची एक जिवंतपणीची गोष्ट दाखवा, आम्ही भिशीच्या वहीतलं तिचं अक्षर ठेवलंय, प्रत्येक महिन्याच्या हिशोबाखाली ती दोन रेघा मारायची. (अकाउंट्सवालीला हे सुचणारच.) आणि खऱ्या केसवरून घेत असाल तर, बलात्काराच्या केसमधे पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, नुसतं नाव बदलून भागत नाही, गाव, कॉलेज, नातेवाईक सगळं बदला.

आता सेट. पडद्यावर बाई लीड आणि सेटवर बाईला बाथरूम नाही, हे आमच्याकडून झालंय, लपवत नाही. मागच्या फिल्मला गंगापूर धरणाच्या बाजूला शूट होतं, ड्रोनचं भाडं भरलं होतं आणि टॉयलेटचा विचारच केला नव्हता, आमची हिरोईन सकाळी सात ते दुपारी एक थांबली आणि मग एका शेतकऱ्याच्या घरी विचारायला मीच गेले. मल्याळम सिनेमात बायकांना कशा परिस्थितीत काम करावं लागतं यावरचा केरळच्या हेमा समितीचा रिपोर्ट २०२४ ला बाहेर आला त्यात टॉयलेट आणि चेंजिंग रूमचंच लिहिलेलं वाचलं तेव्हा वाटलं, एवढी मोठी इंडस्ट्री आणि आम्ही, चूक सेमच. आता बजेटच्या शीटमधे पहिली ओळ टॉयलेट आहे, ड्रोन सतराव्या ओळीवर गेलाय. युनिटमधे दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, दहाच्या आत असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची माहिती कॉलशीटवर (त्या दिवसाच्या शूटचा तपशील सगळ्यांना देतात तो कागद) छापा. रात्रीचं शूट असेल तर घरी सोडायची गाडी कोणाची हे पण त्याच कॉलशीटवर.

शेवटचं काम, वाचून दाखवणं, आणि मित्रांना नाही. ज्या बायकांबद्दल लिहिलंय त्यांना. त्यांचा दिवस जातो, रोज बुडतो, तर तेवढे पैसे द्या, चहा वडापाववर भागवू नका, आणि टायटलमधे नाव विचारून टाका.

आम्ही मोहाडीजवळ एका बागेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आठ बायका होत्या. घट्ट्याचा सीन ऐकून एकीने स्वतःचा अंगठा बघितला, मला वाटलं जिंकलो. मग त्यांच्यातली मोठी होती ती म्हणाली, खून कधी झाला म्हणता? मी म्हटलं कोजागिरीच्या रात्री. तर सगळ्या हसायलाच लागल्या. "अवं ताई, कोजागिरीला कुठले आले घड? तेव्हा छाटणी चालू राहती. घडच नाही तर विरळणी कशाची करता, काड्यांची?"

आमचा सिनेमॅटोग्राफर दोन महिने पौर्णिमेच्या चंद्राचा शॉट डोक्यात घेऊन फिरत होता, बागेवर चांदणं, पाटात चमकणारं पाणी. सगळं गेलं. खून आता चंपाषष्ठीला होतो, ओझरला खंडोबाची यात्रा असते त्या रात्री, विरळणी तेव्हा जोरात असते आणि यात्रेच्या गर्दीत भिशीवाल्या बाईला गाडी घेऊन निघायला बरं पडतं. चंद्र मात्र अर्धाच, तोही अकराच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे सिनेमॅटोग्राफर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.